एकरंगी स्मरणवही : संयम की सोंग?

छायाचित्रे, तिकिटे, पत्रांचे तुकडे आणि स्वहस्ते लिहिलेली टिपणे एकत्र मांडून स्मरणवही सजविण्याची हौस आता कागद व डिंक सोडून संगणकाच्या पडद्यावर आली आहे. अशा वह्यांत संपूर्ण पान एकाच रंगाच्या फिकट-गडद छटांत मांडण्याची पद्धत अनेकांस प्रिय झाली आहे. ती स्वागतार्ह खरी. परंतु तिचा गुण कशात आहे व ती दोष कोठे ठरते, याचा विवेक केल्यावाचून तिचे कौतुक करणे उचित होणार नाही.

संगणकाच्या सामान्य पडद्यावर तांबडा, हिरवा व निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात. त्यांच्या मिश्रणाने १,६७,७७,२१६ रंग सिद्ध होतात. एवढी संपत्ती हाती आली म्हणजे नवशिका ती उधळणारच. एकच रंग घेतला की सारा भार उजेड-अंधाराच्या प्रमाणावर येतो. जास्वंदीचे तांबडे फूल हिरव्या पानांत उठून दिसते, ते रंगभेदामुळे. दोहोंचा उजळपणा सारखा असेल, तर रंग काढून घेताच फूल पानांत बुडून जाते. मग कोठे फिके, कोठे गडद, कोठे मोकळे ठेवावयाचे, याचा विचार करणे भागच पडते. रचनेचे हे शिक्षण हाच या पद्धतीचा खरा लाभ होय.

आपल्याकडे याचा उत्तम आदर्श म्हणजे वारली चित्रकला. गेरूने वा मातीने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढीच तिची सामग्री. लग्नाचा चौक असो वा शेतीची कामे, तेवढ्यावरच सारे जग उभे राहते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर नेली आणि २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. तरीही रंगांची गर्दी करण्याची गरज त्यांस भासली नाही. तेथील एकरंगीपणा घरातील सामग्रीतून व विधीतून आला आहे. तो वरून लादलेला नाही.

याउलट सेपियाचे पाहा. हे नाव मूळचे, कोकणच्या किनाऱ्यावर ज्यास माकूल म्हणतात त्या जातीच्या समुद्रजीवाच्या तपकिरी शाईचे. पुढे छायाचित्रांतील चांदीचे रसायनाने चांदीच्या गंधकयुक्त संयुगात रूपांतर करून तशीच छटा आणीत. त्यायोगे चित्र अधिक टिकाऊ होई. म्हणजे त्या तपकिरीपणास कारण होते. आज कालच्याच सहलीच्या चित्रावर एका स्पर्शासरशी तीच छटा चढविली जाते, तेव्हा टिकाऊपणा येत नाही. येते ते उसने म्हातारपण. यास संयम न म्हणता सोंग म्हणणेच योग्य.

दापोलीचेच उदाहरण घ्या. वैशाखातील जांभ्याचे चिरे, कौले व रस्त्यावरील धूळ यांचे पान तांबूस छटांत मांडले, तर तो रंग विषयातूनच उगवलेला वाटेल. पण त्याच जांभ्यावर श्रावणात गवत उगवले असता पान तांबूस करणे म्हणजे त्या दिवसाचे सर्वस्वच पुसून टाकणे होय.

कुटुंबाच्या वहीत तर ही गोष्ट केवळ अभिरुचीची राहत नाही. आजीच्या नऊवारी लुगड्याचा रंग कोणता होता, हे पुढील पिढीस त्या चित्रावरूनच कळावयाचे असते. रंग काढलेले चित्र मूळ चित्राच्याच जागी साठविले व दुसरी प्रत नसली, तर तो रंग पुन्हा हाती लागत नाही. संगणक फार तर अनुमानाने एखादा रंग भरील. परंतु अनुमान म्हणजे आठवण नव्हे. म्हणून मूळ चित्र वेगळे राखून त्याच्या प्रतीवरच असे प्रयोग करावेत.

सारांश, एक रंग निवडण्यात कला आहे. पण तो विषयाने सुचविलेला असावा. ज्या पानाचा रंग का निवडला हे त्याच्या कर्त्यास सांगता येत नाही, ते पान कितीही मोहक असले तरी स्मरण या नावास पात्र नाही.