सुखवस्तू विष

ज्वारीचं कोवळं मूळ भिंगाखाली धरावं. त्यावरच्या बारीक मूलरोमांच्या टोकांशी पिवळे, तेलकट थेंब लोंबत असतात. नेट्झली आणि बटलर यांनी १९८६ साली त्यांची नोंद केली. थेंबातलं मुख्य द्रव्य सॉर्गोलिओन. तणाच्या इवल्या रोपात ते पोचलं, की प्रकाशातून अन्न करण्याचं त्याचं कामच अडतं.

इथवर पाठ्यपुस्तक. खरी रंगत आहे फ्रँक दायान यांच्या २००६ सालच्या, ‘प्लांटा’ या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधात. विषय एवढाच, की हे द्रव्य कशानं वाढतं आणि कशानं घटतं.

झाड गांजलं की विषारी होतं, ही आपली जुनी समजूत. ज्वारीपुरती ती निम्मी खरीही आहे. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत धुरिन हे विषारी द्रव्य वाढतं, म्हणून जाणता शेतकरी त्या रानात गुरं सोडत नाही. सॉर्गोलिओनची तऱ्हा अगदी उलटी. ३० अंशांना मूळ जोमात आणि थेंबही भरपूर. पारा २५च्या खाली किंवा ३५च्या वर गेला की दोन्ही आखडतात. निळा प्रकाश पडला तर द्रव्य जवळजवळ निम्म्यावर येतं, तांबड्यात २३ टक्के घटतं. सॉर्बिटॉल घालून पाणी शोषणं अवघड केलं, तरी घटच. ऊब हवी, अंधार हवा, ताण नको! असं सुखवस्तू विष माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

मला सर्वांत आवडला तो वजनाचा प्रयोग. वाढत्या रोपांवर दाब दिला, तर मुळं वाढली; द्रव्य तयार होण्यात मात्र फरक नाही. साधीच युक्ती, पण मुळांची वाढ आणि विषाची निर्मिती या दोन गोष्टी तिनं किती सफाईनं वेगळ्या केल्या! रोग-किडीच्या हल्ल्याचा खोटा इशारा देणारी रसायनंही लावून पाहिली. रोप ढिम्म.

मग पेटारीच्याच जातकुळीतल्या एका तणाच्या मुळांचा अर्क दिला आणि सॉर्गोलिओन वाढलं. शेजारी कोण आलंय हे ज्वारीला कळतं की काय? दायान तसं ठासून म्हणत नाहीत, नुसती शक्यता मांडतात. हा संयम मला निष्कर्षाहून मोलाचा वाटतो.

मात्र हे सारं प्रयोगशाळेतल्या कोवळ्या रोपांवरचं आहे. रानात ऊन, ओल, माती कुणाच्या हुकमात नसतात. तेव्हा ज्वारीच्या मुळावर हवाला ठेवून कोळपणी चुकवू नये.