अरण्यचा ओटा आणि आपले हॉल

बाळकृष्ण दोशी यांच्याविषयी लिहिताना बहुतेक लोक मानसन्मानांपासून सुरुवात करतात. १९२७ साली पुण्यात जन्म, पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम, २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय. सगळे खरेच आहे. पण आपल्याला त्यांचे सर्वांत जवळचे काम म्हणजे इंदूरची अरण्य वसाहत. उज्जैनहून तास-दीड तासाचा रस्ता. ती घर सांभाळणाऱ्या बाईच्या नजरेने पाहावी, असे मला फार दिवस वाटत होते.

इंदूर विकास प्राधिकरणासाठी ही वसाहत १९८० च्या दशकात आखली गेली. सुमारे साडेसहा हजार भूखंड, त्यांतला सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचारशे चौरस फुटांचा. गरीब कुटुंबाला पुरे घर बांधून दिले नाही. जोते, न्हाणी-संडास, पाणी आणि वीज यांची सोय, कुठे सोबत एक खोली, एवढे दिले. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. कसे वाढवता येईल हे कळावे म्हणून दोशींनी ८० नमुना घरे बांधून दाखवली. कडेचे मोठे भूखंड नफ्याने विकून आतल्या लहान भूखंडांचा भार हलका केला. १९९५ साली या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला.

मला यात पुरस्कारापेक्षा मोठी वाटते ती सुरुवात. पैसे थोडे असताना आधी काय बांधायचे? दोशींनी न्हाणी-संडास आधी बांधला. अंधार पडायची वाट बघत बसावे लागलेल्या बाईला विचारा, घरातल्या पहिल्या भिंती कुठल्या असाव्यात. बैठकीच्या खोलीचे नाव ती घेणार नाही.

दुसरी गोष्ट ओट्याची. आखणीआधी दोशींच्या संस्थेने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठासोबत इंदूरच्या वस्त्यांमध्ये फिरून, लोक स्वतःच्या हाताने घरे कशी उभारतात याचा अभ्यास केला. दारापुढची बसायची जागा, झाडाखालची सावली, घरालाच लागून असलेले दुकान, सगळे टिपले. म्हणून अरण्यच्या घरांना ओटे आहेत, बाहेरून जिने आहेत, मागे छोटे अंगण आहे. ओटा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. डाळ निवडायची, पापड वाळवायचे, शेजारणीशी दोन शब्द बोलायचे, आणि उंबऱ्याच्या आत राहूनही रस्त्यावर काय चालले आहे ते बघायचे, अशी ती जागा. कागदावर चार फूट, पण दुपारचे तीन तास तिथेच जातात.

आता माझी तक्रार. घर वाढवायचा हक्क कुटुंबाला दिला, हे या योजनेचे मोठेपण मानले जाते. पण कुटुंब म्हणजे कोण? मिस्त्रीला बोलावतो कोण, नकाशावर बोट ठेवतो कोण? अरण्यमध्ये पुढे मजले चढले, दुकाने निघाली, घरांचे रूप पार बदलले. तसेच व्हावे, हीच दोशींची इच्छा होती. तरी घर वाढते तेव्हा पहिल्यांदा कशाचा बळी जातो, हे कुठल्याही गल्लीत दिसते. पुढचा ओटा दुकानात जातो, मागचे अंगण खोलीत जाते, आणि स्वयंपाकघराचा उजेड त्या दोघांबरोबर जातो. खोली वाढली असे सगळे म्हणतात. काय कमी झाले ते जिचे कमी झाले तिलाच कळते. दोशींनी माणसांवर विश्वास टाकला, तो योग्यच होता. पण घरातल्या घरात कोणाचा शब्द चालतो, हा प्रश्न त्यांच्या आखणीला सोडवता आला नाही. तो आपल्यालाच सोडवावा लागेल.

आणि तो फक्त गरिबाच्या घरातला प्रश्न आहे, असे समजू नका, बायांनो! आपल्या समाजात आज घर बांधायचे म्हटले की आधी हॉल ठरतो. केवढा? तर सिंहस्थाला पाहुणे येतील, तेव्हा गाद्या पडतील एवढा. सिंहस्थ २०१६ ला झाला, पुढचा २०२८ ला. बारा वर्षांत एक महिना येणाऱ्या पाहुण्यांसाठी रोज फरशी कोण पुसते? स्वयंपाकघर मात्र कोपऱ्यात, भरदिवसा दिवा लावावा लागेल असे. आपण सूर्यास्ताआधी जेवणारी माणसे. पाणी गाळून घेणारी, धान्यातला जीव डोळ्यांनी बघून बाजूला काढणारी. आपल्याला तर सगळ्यांत चांगला उजेड चुलीपाशी हवा. संध्याकाळचे ऊन हॉलच्या पडद्यांवर पडते आणि सून दिव्याखाली भाजी निवडते, हे कसले जैन घर?

अमेरिकेतल्या सारा सुसांका या वास्तुकार बाईंनी १९९८ साली ‘द नॉट सो बिग हाउस’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, जागा कमी करा आणि वाचलेला पैसा रोज वापरायच्या जागेच्या चांगलेपणावर घाला. दोशींनी लहान घर आखले ते ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्यासाठी. सुसांका बोलतात ते ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी. मला वाटते, आपण दोघांना एकत्र वाचायला हवे. परिग्रहाची मर्यादा जवळ काही असणाऱ्यानेच घालायची असते. ज्याच्याकडे पावणेचारशे फूटच आहेत त्याला साधेपणाचा उपदेश करण्यात काय पुण्य?

म्हणून नकाशा पक्का होण्याआधी घरातल्या बाईने तो हातात घ्यावा. चार वाजता ऊन कुठे येते? सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे कोणी हाक न मारता बसता येईल असा कोपरा आहे का? धुणे वाळणार कुठे? सासूबाईंना रात्री किती पायऱ्या चढाव्या लागतील? बाहेर बघत बसायला चार फूट जागा आहे का? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की हॉल किती मोठा करायचा ते पुरुषमंडळींनी खुशाल ठरवावे. बहुतेक तो आपोआपच लहान होईल.