खरेदीचं टेबल कुठे आहे?

ख्रिस मिलर यांचं 'चिप वॉर' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल, निदान ट्रेनमध्ये जाता-येता ऐकलं असेल. 2022 साली आलेल्या या पुस्तकाला त्याच वर्षी फायनान्शियल टाइम्सचा पुरस्कारही मिळाला. सुरुवात होते तैवानच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या अमेरिकन युद्धनौकेने. पुढे मॉरिस चँग, इंटेल, एएसएमएलची अजस्र यंत्रं. मिलर मुळात इतिहासकार, गोष्ट सांगण्यात पक्के. पुस्तक हातातून खाली ठेववत नाही.

तक्रार वेगळी आहे. पुस्तक संपवून तुम्ही उठता ते एकच भीती घेऊन: तैवानचं काही झालं तर? ती खोटी नाही. पण तुमच्यापैकी जे हार्डवेअर किंवा सोर्सिंगमध्ये आहेत त्यांना विचारा. लाइन बंद पडते ती बहुतेक वेळा युद्धामुळे नाही. एखादा साधा मायक्रोकंट्रोलर मिळत नाही, लीड टाइम 12 आठवड्यांवरून 52 वर जातो, आणि बोर्डावरचे बाकी सगळे भाग गोदामात धूळ खात बसतात. 2021 च्या टंचाईवर मिलर शेवटाकडे लिहितात. मागणी वाढली, कारकंपन्यांनी आधी ऑर्डरी कापून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, असा त्यांचा रोख, आणि तो बरोबर आहे. पण ती ऑर्डर कोणी कापली, कुठल्या आकड्याकडे बघून कापली, त्या टेबलापाशी ते थांबत नाहीत.

तिथे थांबतात योसी शेफी. एमआयटीच्या या प्राध्यापकांचं 'द रेझिलियंट एंटरप्राइज' 2005 चं, थोडं रूक्ष, पण त्यातली अल्बुकर्कीची गोष्ट विसरता येत नाही. 17 मार्च 2000 ला वीज पडून फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. दहाएक मिनिटांत विझलीसुद्धा! पण धूर आणि पाणी क्लीनरूममध्ये शिरलं. नोकिया आणि एरिक्सन, दोघांनाही कळवलं गेलं: आठवडाभर उशीर होईल. नोकियाने लगेच तो माल खास नजरेखाली घेतला, रोज फोन सुरू केले, प्रकरण लांबणार हे लक्षात येताच इतर पुरवठादार गाठले आणि फिलिप्सच्याच दुसऱ्या कारखान्यांतली क्षमता पदरात पाडून घेतली. एरिक्सनमध्ये बातमी वरपर्यंत पोचायलाच आठवडे गेले. खर्च वाचवण्यासाठी त्यांनी पर्यायी पुरवठादार आधीच सोडले होते. विक्रीत सुमारे 40 कोटी डॉलरचा फटका बसला.

निरोप एकच, निकाल दोन. ही नजर मिलरमध्ये नाही.

तरी शेफींची गोष्टही पुरत नाही. नोकिया जिंकली कारण समोरचा झोपला होता. 2021 मध्ये कोणीच झोपलं नव्हतं. सगळे एकदमच फोन करत होते, भीतीपोटी दुप्पट ऑर्डरी देत होते. अशा रांगेत छोटी कंपनी शेवटी उभी राहते आणि मग दलालांकडून, बनावट मालाचा धोका पत्करून, चढ्या भावाने भाग उचलते. टोयोटाचंच बघा. 2011 च्या भूकंपानंतर तिने पुरवठादारांना चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. त्या जोरावर 2021 ची सुरुवात निभावली. सप्टेंबरमध्ये मात्र, आग्नेय आशियात कोविड पसरल्यावर, जगभरातलं नियोजित उत्पादन 40 टक्क्यांनी कापावं लागलं. साठ्याने वेळ मिळतो, माल नाही. क्षमता कोणाच्या हातात आहे, या प्रश्नाशी आपण पुन्हा येतो, आणि तिथे मिलर लागतातच.

म्हणून दोन्ही वाचा, पण आधी शेफी. आणि वाचताना आपल्या बोर्डाची पार्ट्स लिस्ट शेजारी ठेवा. ज्या ओळीसमोर एकाच उत्पादकाचं नाव आहे, तिथे सर्किट काढतानाच त्याच पिनांवर बसणारा दुसरा भाग शोधून ठेवणं स्वस्त पडतं. सर्टिफिकेशन झाल्यावर तोच बदल करायचा म्हणजे फर्मवेअर पुन्हा, चाचण्या पुन्हा, आणि खरेदीवाल्याच्या हातात तेव्हा फक्त फोन उरलेला असतो.