पलटण आणि पटांगण

आपल्याकडे खेळाडूचें चरित्र लिहावयाचें म्हणजे विजयाच्या तारखांची जपमाळ ओढावयाची, आणि शिपायाचें लिहावयाचें म्हणजे रणांगणाचें वर्णन करावयाचें, असा एक संकेत पडून गेला आहे. जो मनुष्य एकाच वेळीं शिपाईही होता आणि खेळाडूही होता, त्याची या संकेतामुळें मोठी कुचंबणा होते. त्याच्या आयुष्यांतील खरी ओढाताण रणांगणावर नसते, तशी क्रीडांगणावरही नसते; ती असते रजेच्या अर्जांत, शिध्याच्या मापांत आणि बदलीच्या हुकुमांत. सकाळची कवाईत संपवून संध्याकाळीं स्पर्धेची तयारी करणाऱ्यानें या दोन धन्यांची चाकरी निभावली कशी, हा प्रश्न केवळ क्रीडाविषयक नसून चरित्रवाङ्मयाचा आहे, असें आम्हांला वाटतें. ज्या थोड्या कृतींनीं त्याला हात घातला आहे, त्यांपैकीं एक पुस्तक व दोन चित्रपट यांचा विचार येथें करावयाचा आहे.

पुस्तक म्हणजे ध्यानचंद यांचें १९५२ सालीं मद्रासेहून प्रसिद्ध झालेलें ‘गोल’ हें इंग्रजी आत्मचरित्र. हॉकीच्या या अद्वितीय खेळाडूनें आपण सामान्य मनुष्य आहों असें सांगून आरंभ करावा, यांतच पुस्तकाचा स्वभाव व्यक्त होतो. १९२२ सालीं सोळासतरा वर्षांचा हा मुलगा फौजेंत भरती झाला, तेव्हां हॉकीशीं त्याचें विशेष सख्य नव्हतें. त्याच्या हातीं ती काठी दिली सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनीं. दिवसाची चाकरी आटोपल्यावर तो चांदण्यांत सराव करी, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्यांतील काव्य बाजूस ठेवलें, तरी एक कठोर सत्य उरतेंच : शिपायाचा दिवस सरकारच्या मालकीचा होता, खेळाडूच्या वांट्याला उरली ती रात्र.

पुढें १९२६ सालीं लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला. एकवीस सामन्यांपैकीं अठरा जिंकून तो परत आला, आणि ध्यानचंदाच्या बाहीवर लान्सनायकाची फीत चढली. खेळानें मिळविलेली ही पहिली बढती. पण हीच पलटण १९३२ सालीं त्याला प्रांतिक सामन्यांकरितां रजा देत नाहीं, आणि ऑलिंपिकची निवड तर त्या सामन्यांवरून व्हावयाची ! अखेर निवडकर्त्यांनीं त्याला परीक्षेवांचूनच संघांत घेतलें, तेव्हां तो लॉस एंजलिसला जाऊं शकला. ज्या लष्करानें त्याला घडविलें, त्याच लष्कराच्या एका ‘नाहीं’नें हा खेळ तेथेंच थांबला असता. लेखक हें सर्व कोणताही त्रागा न करतां सांगतो. हा संयम पुस्तकाचा मोठा गुण आहे. आणि आमच्या मतें तोच त्याचा दोषही आहे. सामन्यांचे वृत्तांत विपुल, परंतु पलटणींतल्या दिवसाचें चित्र त्या मानानें त्रोटक, असें येथें झालें आहे. याचें कारण उघड आहे. ध्यानचंद निवृत्त झाले १९५६ सालीं. पुस्तक लिहिलें तेव्हां ते नोकरींत होते, आणि नोकरींतला मनुष्य धन्याविषयीं मोकळेपणानें लिहीत नाहीं. निवृत्तीनंतरचें ओढगस्तीचें आयुष्य व १९७९ सालीं दिल्लीच्या इस्पितळांत झालेला शेवट पुस्तकाच्या मर्यादेबाहेरच राहिला.

तरीही एका प्रसंगानें या विषयाचा सारा गाभा उघडा पडतो. १९३६ सालीं बर्लिनला सरावाच्या सामन्यांत जर्मनांनीं आपल्या संघास हरविलें, तेव्हां हिंदुस्थानांतून लेफ्टनंट दारा यांना विमानानें बोलावून घ्यावें लागलें. संघाचा कर्णधार होता ध्यानचंद. म्हणजे पलटणींत ज्याला सलाम करावयाचा, त्याला पटांगणावर हुकूम करावयाचा ! अंतिम सामन्यापूर्वीं व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनीं काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि खेळाडूंनीं त्याला वंदन केलें, असें त्या सामन्याच्या वृत्तांतांत नमूद आहे. १५ ऑगस्ट रोजीं जर्मनीवर ८–१ असा जय मिळाला. बादशहाचें मीठ खाणाऱ्या शिपायाच्या मनांत त्या वंदनाच्या क्षणीं काय चाललें असेल ? एखाद्या कादंबरीकारानें उचलावा असा हा प्रसंग अजून तसाच पडून आहे.

ध्यानचंदांच्या मौनाची भरपाई कांहीं अंशीं तिग्मांशू धुलिया यांच्या ‘पानसिंग तोमर’ (२०१२) या चित्रपटानें केली आहे. रुरकीच्या बंगाल सॅपर्समधला हा जवान अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतींत सात वेळां राष्ट्रीय विजेता ठरला, आणि १९५८ सालीं टोकियोच्या आशियाई सामन्यांत धांवला. चित्रपटाचें मर्म असें कीं तो खेळाकडे वळतो तो कीर्तीसाठीं नव्हे, तर भुकेसाठीं. खेळाडूच्या खाण्याला मर्यादा नाहीं हें कळतांच त्याचा निश्चय होतो. आमच्या सुखवस्तु वाचकांस हें हास्यास्पद वाटेल; पण गरीब शेतकऱ्याच्या मुलाला लष्करानें प्रथम काय दिलें याचें याहून प्रामाणिक उत्तर नाहीं. त्यानें पोटभर अन्न दिलें, धांवावयाला मैदान दिलें, आणि सर्वांत दुर्मिळ अशी वस्तु दिली, ती म्हणजे मोकळा वेळ.

याच चित्रपटांत दुसरें एक सत्य आहे, आणि तें आम्हांला अधिक अस्वस्थ करतें. १९६२ व १९६५ सालीं युद्धें झालीं तेव्हां खेळाडू म्हणून पानसिंगाला आघाडीवर जाऊं दिलें जात नाहीं. ध्यानचंदाला शिपाईगिरीनें खेळापासून अडविलें; येथें खेळ शिपाईगिरीच्या आड आला. अंगावर गणवेष असून लढावयाचा हक्क नाहीं, हें शल्य इरफान खान यांनीं फार थोड्या शब्दांत प्रकट केलें आहे. मात्र उत्तरार्धांत दरोडेखोरीच्या नाट्यानें कथेला इतकें ओढून नेलें आहे कीं, मैदान सुटल्यावर धांवपटूचें मन कसें होतें, हा नाजूक भाग घाईनें उरकला जातो. ज्या कथेंत बंदूक दिसली, तेथें प्रेक्षक दुसरें कांहीं पाहात नाहीं, हें दिग्दर्शकानें ओळखावयास हवें होतें.

तिसरी कथा आपल्या सांगली जिल्ह्यांतील पेठच्या मुरलीकांत पेटकरांची, कबीर खान यांच्या ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) या चित्रपटांतली. लष्करांत मुष्टियोद्धा म्हणून नांव मिळविणारा हा जवान १९६५च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं पंगु झाला, आणि त्यानंतर पोहणें शिकून १९७२ सालीं हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्यें त्यानें पन्नास मीटरचें अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून सुवर्णपदक घेतलें. चित्रपट उमेदीच्या घोषणांनीं फार गजबजलेला आहे, आणि आमच्या अभिरुचीस तो ठिकठिकाणीं भडक वाटला. परंतु वृद्ध पेटकर पुरस्काराची तक्रार घेऊन पोलीसचौकींत येतात, ही त्याची चौकट मार्मिक आहे. पद्मश्री २०१८ सालीं आणि अर्जुन पुरस्कार २०२५ सालीं, म्हणजे पदकानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळानें ! विजयाची नोंद ज्यानें ठेवावयाची त्यानेंच ती विसरावी, याहून मोठा विनोद कोणता ?

कोणी म्हणेल, सैन्य हें राष्ट्राच्या रक्षणासाठीं आहे, पदकांसाठीं नाहीं. शत्रू कांहीं स्पर्धेचें वेळापत्रक पाहून येत नाहीं. आम्हांला हें सर्वथा मान्य आहे. रजा नाकारणारा अधिकारी खलनायक नव्हे; त्याच्यापुढेंही कर्तव्य आहे. पण म्हणूनच ही कथा खलनायकावांचून लिहितां आली पाहिजे. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली : लष्करानें अन्न, मैदान व वेळ दिला; खेळाडूनें कीर्ति दिली. फरक इतकाच कीं लष्कराची देणगी त्याच महिन्यांत पोंचली, आणि खेळाडूचें येणें मात्र पुष्कळदां म्हातारपणावर ढकललें गेलें.

हा इतिहास संपलेला नाहीं. बीड जिल्ह्यांतील मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमधून प्रथम सियाचीनच्या बर्फांत व नंतर राजस्थानच्या वाळवंटांत राहिला. शर्यतींकडे तो २०१५ सालीं वळला. पानसिंगाच्याच शर्यतींत २०२२ सालीं बर्मिंगहॅमला एका सेकंदाच्या पांच शतांशांनीं त्याचें राष्ट्रकुलाचें सुवर्णपदक हुकलें. त्याचेंही चरित्र कोणी तरी लिहील. लिहिणारानें त्या पांच शतांशांवर एक प्रकरण अवश्य खर्चावें. परंतु त्याआधीं बर्फांतल्या त्या महिन्यांवर दोन प्रकरणें लिहावींत, आणि पदकांच्या यादीबरोबर रजेचे अर्जही वाचावेत, एवढीच आमची विनंति आहे.