नाव, देह आणि छायाचित्र : मेक्सिकोतील स्त्री-हिंसाविरोधी चळवळीच्या छायाचित्रणाचा विचार

आंदोलनाचे छायाचित्र पाहताना आपले लक्ष साहजिकच त्यातील विषयाकडे जाते. ते कोणासाठी काढले गेले, हा प्रश्न मागे राहतो. मेक्सिकोतील स्त्री-चळवळीच्या संदर्भात मात्र तो टाळता येत नाही. कारण तेथे कॅमेरा जसा चळवळीचा साक्षीदार आहे, तसाच तो हिंसेचा भागीदारही राहिला आहे. प्रस्तुत लेखात या दुहेरी भूमिकेच्या अनुषंगाने काही निवडक छायाचित्रांचा विचार केला आहे.

मेक्सिकोच्या वृत्तपत्रसृष्टीत 'नोता रोखा', म्हणजे 'लाल बातमी', नावाची जुनी परंपरा आहे. खून-अपघातांची रक्तरंजित छायाचित्रे पहिल्या पानावर छापणे, हे तिचे स्वरूप. फेब्रुवारी २०२० मध्ये एका पंचवीस वर्षांच्या तरुणीची तिच्या जोडीदाराने हत्या केली. तिच्या छिन्नविच्छिन्न देहाची छायाचित्रे तपासयंत्रणेतून बाहेर पडली आणि वृत्तपत्रांनी ती छापली. एकाने तर मथळ्यात प्रेमदेवतेला दोष देऊन विनोद साधला. त्यावर स्त्रियांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे. त्यांनी त्या तरुणीच्या नावाखाली फुले, समुद्र आणि सूर्यास्त यांची असंख्य छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली. हेतू हा, की तिचे नाव शोधणाऱ्यास तिचा देह दिसू नये. एरवी ज्या चित्रांना आपण भेटकार्डाच्या पलीकडे किंमत देणार नाही, ती येथे कफनाचे काम करतात. पुढे २०२१ मध्ये मेक्सिको शहराच्या दंडसंहितेत अशी छायाचित्रे फोडणाऱ्या शासकीय सेवकांना शिक्षेची तरतूद झाली. ती तरतूद त्या तरुणीच्याच नावाने ओळखली जाते.

देह न दाखवता हत्या कशी दाखवावी, हा प्रश्न त्याआधीच सिउदाद हुआरेस या सीमावर्ती शहराने उभा केला होता. १९९३ पासून तेथे स्त्रियांच्या हत्यांची मालिका नोंदली जाऊ लागली. मृत मुलींच्या नातलगांनी विजेच्या खांबांवर काळ्या चौकटीत गुलाबी क्रूस रंगवले. २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने कापसाच्या शेतात सापडलेल्या मृतदेहांच्या प्रकरणी मेक्सिकोच्या शासनाला जबाबदार धरले. याच शहरात जन्मलेल्या मायरा मार्टेल यांनी २००५ पासून बेपत्ता मुलींच्या खोल्या, त्यांचे कपडे, त्यांचे हस्ताक्षर यांची छायाचित्रे काढली. त्यांत मुलगी नाही; तिची जागा तेवढी आहे. या छायाचित्रांवर हळवेपणाचा आक्षेप घेता येईल. परंतु आईने वर्षानुवर्षे न हलवलेली खोली हा आशेइतकाच पुरावाही असतो, हे लक्षात घेतले, तर तो आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. तेरेसा मार्गोयेस यांच्या २०१६ मधील 'पेस्किसास' या कलाकृतीविषयी तेवढ्या निःशंकपणे बोलता येत नाही. हुआरेसच्या भिंतींवरील, ऊन-पावसाने विटलेली शोधपत्रके त्यांनी मोठ्या आकारात छापली. काळाने पुसलेले ते चेहरे अस्वस्थ करतात, हे खरे. पण रस्त्यावरील शोधपत्रक पाहणाऱ्याला 'हिला पाहिलेत का?' असे विचारत असते. कलादालनात त्या प्रश्नाला उत्तर देऊ शकणारे कोणीच नसते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पोलिसांवर बलात्काराचा आरोप झाल्यानंतर राजधानीत मोर्चे निघाले आणि स्वातंत्र्यस्मारकाचा पायथा घोषणांनी भरून गेला. शासनाने स्मारकाला कुंपण घातले. त्यावेळी व्यवसायाने वास्तुसंवर्धक असलेल्या स्त्रियांनी 'रेस्ताउरादोरास कोन ग्लिटर' या नावाने एकत्र येऊन अनपेक्षित भूमिका घेतली : घोषणा तूर्त पुसू नयेत, त्यांची रीतसर नोंद व्हावी. येथे छायाचित्राला कलाकृतीचे नव्हे, तर दप्तराचे स्थान मिळते. ८ मार्च २०२० रोजी सोकालो चौकाच्या फरशीवर मृत स्त्रियांची नावे रंगवली गेली. उंचावरून घेतलेल्या छायाचित्रांतच त्यांचा विस्तार कळतो. २०२१ मध्ये राष्ट्रीय प्रासादाभोवती उभारलेल्या पोलादी अडथळ्यांवरही स्त्रियांनी नावे लिहिली. आपल्याकडे बलात्कारपीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि त्यामागची कारणे रास्त आहेत. मेक्सिकोत मृत स्त्रीचे नाव झाकणे म्हणजे तिचा खटला झाकणे, अशी चळवळीची धारणा दिसते.

या मोर्चांची वृत्तसंस्थांकडून येणारी छायाचित्रे बहुधा एकाच साच्याची असतात : मुखवटा घातलेली स्त्री, हातात हातोडा, मागे ज्वाला. ती खोटी नाहीत. परंतु 'लाल बातमी'ला जी नाट्यमयता हवी असते, तीच येथे पुरवली जाते. फरक इतकाच, की मृत स्त्रीच्या जागी संतप्त स्त्री आली. शिवाय मुखवटा ही केवळ प्रतिमा नव्हे. ओळख पटल्यास त्या स्त्रीवर खटला भरला जाऊ शकतो. काही मोर्चांत पुरुष छायाचित्रकारांना स्त्रियांच्या तुकड्यांतून बाहेर जाण्यास सांगितले जाते, त्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

याउलट आना विक्तोरिया हिमेनेस यांची सत्तरच्या दशकापासूनची छायाचित्रे पाहावीत. त्या मोर्चाचे चित्रण करण्यास आलेल्या नव्हत्या, मोर्चातच होत्या. बेकायदा गर्भपातात मृत्यू पावलेल्या स्त्रियांसाठी मातृदिनी काळ्या वेशात निघालेल्या शोकयात्रेच्या त्यांच्या चित्रणात ज्वाला नाहीत. त्यांचा संग्रह आज इबेरोअमेरिकाना विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पत्रके आणि भित्तिपत्रके यांच्या सोबतीने जतन केलेला आहे.