हजेरीपटाबाहेरची वेदना

विदर्भातील आपल्या वस्त्यांत आणि गोंड पाड्यांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे ठणकतात. असे विद्यार्थी मी शिकवतो. ७५ टक्के हजेरीचा नियम त्यांच्या वेदनेला आळस ठरवतो आणि गुणवत्तेचे ठेकेदार त्या आळसाला जात चिकटवतात. २०१६ च्या कायद्याने हा आजार अपंगत्वात धरला. २०२३ मध्ये निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. हजेरीपट मात्र जुनाच आहे.

प्रश्न आपल्यालाही आहे. ‘बलुतं’ (१९७८) आले तेव्हापासून आपली समीक्षा भूक आणि अपमान वाचत आली. शाळा सुटण्यामागे दुखणारे शरीरही असते, हे तिने किती वेळा वाचले? वेदनेचे साहित्य म्हणवणाऱ्यांनी ही वेदना दवाखान्यावर सोपवून मोकळे होता कामा नये.