दोन डोळे आणि एक नोंदवही

ज्या कृतीची सर्वांनी एकमुखाने स्तुती केली आहे, तिच्याविषयी थोडासा मतभेद प्रगट करणे हे टीकाकाराच्या वाट्यास येणारे अत्यंत अप्रिय कर्तव्य होय. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा बोलपट अशा कृतींपैकी आहे. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यास लाभले, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि त्यातील प्रार्थना पुढे कित्येक शाळांतून म्हटली जाऊ लागली. आमच्या घरांतील दोन-तीन पिढ्यांनी तो पाहिला व डोळे पुसले. आम्हीही त्यास अपवाद नाही. तथापि गुन्हेगाराच्या सुधारणेविषयी सुशिक्षित वर्गाच्या मनात जी कल्पना रुजली आहे, तिच्यावर या एका चित्राचा ठसा फार खोल उमटला आहे. ती कल्पना कितपत पुरेशी आहे, याचा विचार करणे म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते.

कथा सर्वपरिचित आहे. आदिनाथ नावाचा जेलर खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर एका ओसाड माळावर नेतो. तेथे भिंत नाही, बेडी नाही; पहारा काय तो त्याच्या दोन डोळ्यांचा. बारा हातांनी माळ पिकतो, भाजी रास्त भावाने बाजारात जाते, व्यापाऱ्यांचे पित्त खवळते, आणि अखेरीस बैलाशी झुंजताना आदिनाथ देह ठेवतो. ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून उतरलेली ही कथा निव्वळ कल्पनेची नव्हे. औंध संस्थानात, राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकीर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गृहस्थांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसली. कथेचे बीज तेथले. माडगूळकर स्वतः त्याच मुलखातले, शेटफळ्यास जन्मलेले. माणदेशच्या माळावर पीक काढणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

या चित्राचे खरे सामर्थ्य आम्हांस त्याच्या साध्या प्रसंगांत दिसते. खुनाने माखलेले हात नांगरटीस लागतात, त्याच हातांनी बाजारात भाजी मापली जाते, आणि मापात खोट नसते, हे पाहताना उपदेशाचा एकही शब्द नको वाटतो. माणसावर विश्वास टाकला असता त्या विश्वासाचे ओझे त्याच्याच खांद्यावर येते, हे मर्म येथे कृतीतून प्रगट झाले आहे. खेळणी विकणारी चंपा मात्र कथेत गाण्यापुरती येते असे वाटते. पण तो दोष गौण होय.

मुख्य दोष निराळा आहे. या कथेत सुधारणा ही एका महात्म्याच्या तेजाचा चमत्कार ठरते. आदिनाथ नसता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर चित्र देत नाही. उलट त्याला हौतात्म्य देऊन तो प्रश्नच अश्रूंत बुडवून टाकते. दोन डोळे सहा माणसांवर पुरले. साठांवर पुरतील काय? सहा हजारांवर? शिवाय नाट्याच्या सोयीसाठी कथेने घोरांतले घोर अपराधी निवडले. आमच्या न्यायालयांच्या पायऱ्यांवर दररोज उभा असतो तो कोणी वेगळाच : सायकल चोरलेला एकोणीस वर्षांचा पोर, मालकाच्या गल्ल्यात प्रथमच हात घातलेला कारकून. त्यांच्यापुरता प्रश्न तुरुंगातून त्यांचा उद्धार कसा करावा हा नसून, त्यांना तुरुंगात मुळात धाडावे की नाही, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका चांभाराने शोधले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. बोस्टन शहरी जॉन ऑगस्टस हा जोडे करणारा गृहस्थ १८४१ साली न्यायालयात बसला असता एका दारुड्यास त्याने जामिनावर सोडवून घेतले. तीन आठवड्यांनी तो इसम शुद्धीवर व नीटनेटका होऊन उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशांनी त्यास एक सेंट दंड व खर्च एवढीच शिक्षा केली. पुढे १८५९ साली मरेपर्यंत ऑगस्टसने हेच काम केले. १८५२ साली त्याने आपल्या दहा वर्षांच्या कामाचा वृत्तान्त छापला. त्यात अलंकार नाहीत. माणसे, मुदती आणि रकमा आहेत. परंतु त्या रुक्ष नोंदींतून एक संस्था जन्मास आली. मॅसॅच्युसेट्सने १८७८ साली तीस कायद्याचे रूप दिले, इंग्लंडने १९०७ साली.

आमच्याकडे मुंबई प्रांताने १९३८ साली असा कायदा केला, आणि या बोलपटानंतर अवघ्या वर्षाने, १९५८ साली, अखिल भारताचा अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला. देहान्त वा जन्मठेप ज्यास सांगितलेली नाही अशा अपराधात, अपराध्याचे शील व परिस्थिती पाहून, न्यायालय त्यास सद्वर्तनाच्या बंधपत्रावर तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीने सोडू शकते. एकवीस वर्षांखालील तरुणास तुरुंगात धाडावयाचे झाल्यास, त्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो व आपली कारणे लेखी नमूद करावी लागतात. ज्याचे नुकसान झाले त्याचा विसर पडू नये म्हणून भरपाईचीही तरतूद आहे. आणि सर्वांत मोलाची गोष्ट ही की, अशा रीतीने सुटलेल्या मनुष्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ व्हालज्याँला ज्या पिवळ्या परवान्याने दारोदार हाकलले, तो परवाना येथे कायद्यानेच फाडून टाकला आहे.

आदिनाथाचे सहा कैदी या कायद्याच्या कक्षेत कधीच आले नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्राची मर्यादा स्पष्ट होते. परिवीक्षेचा नायक म्हणजे हातात नोंदवही घेऊन चाळीच्या जिन्याने चढणारा एक पगारी नोकर. मुलगा कामावर जातो का, कोणाच्या संगतीत असतो, आई काय म्हणते, हे तो विचारतो, लिहून घेतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. त्यावर बोलपट निघणार नाही. पण तो आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो, हेच त्याचे श्रेष्ठत्व होय.

येथे कोणी आक्षेप घेईल की, नोंदवही निर्जीव असते. रकाने भरले म्हणून माणूस सुधारत नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. अहवाल जेव्हा ठरावीक साच्याची चार वाक्ये होऊन बसतो, तेव्हा न्यायाधीशापुढे माणूस नसून कागद उभा राहतो. अशा वेळी आदिनाथाची आठवण औषधासारखी आहे. नोंदवहीवर ते दोन डोळे हवेतच. आमचे म्हणणे एवढेच की, नुसत्या डोळ्यांवर विसंबणारा समाज महात्म्याची वाट पाहत बसतो, आणि तोपर्यंत तुरुंग भरत राहतात.

आणखी एक गोष्ट चित्रात सुटली आहे, व ती प्रेक्षकांविषयीची आहे. कथेत दुष्टपणा सारा बाजारातल्या व्यापाऱ्यांकडे सोपविला असल्यामुळे आम्ही सुखाने आदिनाथाच्या बाजूस बसतो. पण बंधपत्रावर सुटलेला तो एकोणीस वर्षांचा पोर उद्या आमच्याच दुकानात, कचेरीत वा छापखान्यात काम मागावयास येणार आहे. कायद्याने त्याची अपात्रता पुसली. आमच्या मनातील कोण पुसणार? आदिनाथासाठी ढाळलेले अश्रू खरे होते की नाही, याची परीक्षा चित्रगृहात होत नाही. ती त्या दिवशी, आमच्या दारात होईल.